डिजिटल वॉकीटॉकी : गुप्तता कुठे गळते, भरवसा कुठे तुटतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारखाने, रुग्णालये, सुरक्षा कंपन्या आणि बचाव पथके जुने अ‍ॅनालॉग वॉकीटॉकी काढून डिजिटल संच घेत आहेत. अशा खरेदीच्या बातमीत एक वाक्य हमखास असते : संच डिजिटल असल्याने संभाषण बाहेरच्या कोणाला ऐकू जाणार नाही. हे खरे नाही. त्यावर विसंबून माणसे रुग्णांची नावे, रोकड हलवण्याच्या वेळा, गस्तीच्या जागा उघड्या चॅनेलवर बोलतात. दुसरीकडे, ज्यांनी एन्क्रिप्शन, म्हणजे योग्य किल्ली (गुप्त आकडा) असलेल्या संचालाच कळेल असे बोलणे झाकण्याची सोय, घेतले त्यांच्यातले बरेच जण ते नीट न बसवल्यामुळे ऐन वेळी एकमेकांना ऐकू शकत नाहीत. संचांचे प्रोग्रॅमिंग आणि दुरुस्ती करणाऱ्यांना हे रोज दिसते. वापरणाऱ्यांपर्यंतही ते पोचावे म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी ‘डिजिटल’ म्हणजे काय होते ते पाहू. संचातला व्होकोडर आवाजाचे बिट बनवतो आणि ते बिट ठरलेल्या पद्धतीने हवेत जातात. सर्वांत जास्त वापरात असलेल्या पद्धतींपैकी एक म्हणजे डीएमआर. तिचे मानक युरोपातील एट्सी या संस्थेने २००५ मध्ये प्रसिद्ध केले आणि ते कोणालाही वाचता येते. १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनेलवर ३०-३० मिलिसेकंदांचे, आळीपाळीने येणारे दोन टाइमस्लॉट, सेकंदाला ९,६०० बिट, असा तिचा आराखडा. हे सगळे उघड असल्याने त्याच वारंवारतेवर लावलेला दुसरा कोणताही डीएमआर संच तुमचे बोलणे उलगडू शकतो. कलर कोड, म्हणजे चॅनेलसोबत भरायचा ओळखीचा आकडा, शोधावा लागतो, पण तो ० ते १५ असे सोळाच आहेत. टॉकग्रुपचा, म्हणजे आपसात बोलणाऱ्या संचांच्या गटाचा, क्रमांक प्रत्येक संभाषणासोबत उघडाच प्रसारित होतो, आणि टॉकग्रुप न पाहता सगळेच ऐकण्याची सोय अनेक संचांत असते. संगणकाला लावायचा छोटा यूएसबी रिसीव्हर आणि फुकट मिळणारी प्रणाली असली तरी काम भागते. कलर कोड आणि टॉकग्रुप गर्दीत वाटा वेगळ्या ठेवण्यासाठी आहेत, कुलूप म्हणून नाहीत. अ‍ॅनालॉग संचांच्या खोक्यावर ‘प्रायव्हसी कोड’ छापलेला असतो त्याचेही तेच. तो ६७ ते अडीचशे हर्ट्झच्या आसपासचा एक मंद सूर असतो. त्याने दुसऱ्यांचे बोलणे तुमच्या कानावर येत नाही. तुमचे बोलणे मात्र सगळ्यांना ऐकू जाते.

बोलणे खरोखर झाकायचे तर एन्क्रिप्शन हवे, आणि इथेच खरेदीदार सर्वांत जास्त फसतो. खोक्यावर ‘एन्क्रिप्शन उपलब्ध’ एवढेच लिहिलेले असते. त्या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचा फरक असलेल्या तीन-चार गोष्टी मावतात.

सर्वांत खालच्या पायरीवर आहे ‘बेसिक प्रायव्हसी’. त्यात किल्ली म्हणून १ ते २५५ मधला एक आकडा निवडायचा असतो. त्या आकड्यावरून बिटांचा एक ठरलेला नमुना बनतो आणि तोच नमुना आवाजाच्या प्रत्येक तुकड्यावर पुन्हा पुन्हा चढवला जातो. आता बोलणारा दोन वाक्यांच्या मध्ये थांबला की व्होकोडर शांततेचा एक ठरावीक, सर्वांना माहीत असलेला तुकडा पाठवतो. त्यावर चढवलेला नमुना ऐकणाऱ्याला वजाबाकी केल्यासारखा मिळतो आणि पुढचे सगळे बोलणे उघडे पडते. २५५ किल्ल्या एकेक करून पाहण्याचीही गरज उरत नाही. चुकून चॅनेलवर आलेल्या माणसाला दूर ठेवायला हे पुरते, मुद्दाम ऐकणाऱ्याला थांबवायला नाही.

त्यानंतर येते आरसी४ ही जुनी कूटबद्ध करण्याची पद्धत, ४० बिटांच्या किल्लीसह. त्याला ‘एन्हान्स्ड’ असे भारदस्त नाव असते. ४० बिट म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी किल्ल्या. आकडा मोठा वाटतो, पण सेकंदाला १० कोटी किल्ल्या तपासणारे यंत्र हे काम तीन तासांत संपवते. आज संध्याकाळी शिळ्या होणाऱ्या माहितीसाठी ते चालेल. ज्या माहितीला उद्याही किंमत आहे ती त्यावर सोपवू नये. खरे झाकण म्हणजे एईएस ही जगभर वापरली जाणारी खुली पद्धत, २५६ बिटांच्या किल्लीसह. त्याची ओळख सोपी आहे : किल्ली भरताना १६ च्या पद्धतीतले ६४ आकडे-अक्षरे मागितली जातात. दहाच मागितली तर ते ४० बिटांचे आहे, खोक्यावर काहीही छापलेले असो.

छापलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा याचा धडा टेट्रा पद्धतीने दिला आहे. पोलिस, विमानतळ, वीजवितरण यांसाठी जगभर वापरली जाणारी ही पद्धत. तिच्या एन्क्रिप्शनची रचना अनेक वर्षे गुप्त ठेवली होती. २०२३ मध्ये मिडनाइट ब्लू या डच संशोधकांनी ती उलगडून दाखवली. तिच्या टीईए१ या प्रकारात किल्ली ८० बिटांची सांगितली जायची, पण आतमध्ये ती ३२ बिटांवर आणली जात होती. ३२ बिट म्हणजे जेमतेम ४२९ कोटी शक्यता, साध्या संगणकाच्या आवाक्यातल्या. २०२५ मध्ये त्याच संशोधकांनी, टेट्रावर वरून बसवल्या जाणाऱ्या संच-ते-संच एन्क्रिप्शनचा एक नमुना तपासला. त्यात १२८ बिटांची किल्ली आत ५६ बिटांची होत असल्याचे आढळले. उत्पादकाने ‘आमची स्वतःची खास पद्धत’ असे सांगितले की सावध व्हावे. एईएस जगासमोर उघडे आहे, हजारो तज्ज्ञांनी त्यावर डोके आपटून पाहिले आहे आणि तरी ते टिकले आहे.

विक्रेत्याकडून लेखी घ्यायचे ते एवढे : पद्धतीचे नाव, किल्लीचे बिट, किल्ली आपली आपण भरू शकतो का, आणि दुसऱ्या उत्पादकाच्या संचाशी त्याच किल्लीने बोलता येते का. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. दोन्हीकडे ‘एईएस २५६’ लिहिलेले असूनही दोन उत्पादकांचे संच एकमेकांना उलगडत नाहीत असे सर्रास होते. डीएमआरमध्ये एईएस पुष्कळ उशिरा आले आणि तोवर प्रत्येकाने आपापली मांडणी केली होती. एकत्र ठेवून प्रत्यक्ष बोलून पाहिल्याशिवाय मिश्र खरेदी करू नका.

पद्धत उत्तम निवडली तरी गुप्तता फुटते ती बहुतेकदा माणसाच्या हातून. अमेरिकेतल्या पोलिस आणि तपास यंत्रणा पी२५ ही पद्धत वापरतात. २०११ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मॅट ब्लेझ आणि सहकाऱ्यांनी तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. एन्क्रिप्शनची सोय असलेल्या संचांवरून केंद्रीय तपास यंत्रणांचे अतिशय नाजूक बोलणे रोज उघड्यावर जात होते. कुणाचे बटण चुकून उघड्या बाजूला राहिलेले असे. कुठे गटातल्या एकाकडे किल्ली नसे आणि त्याच्यासाठी सगळेच उघड्यावर येत. पाळतीवर असलेल्या माणसाला बोलणे झाकले गेले की नाही हे कळतही नव्हते, कारण खूण पडद्याच्या कोपऱ्यातले एक बारीक चित्र आणि संच अंगरख्याच्या आत.

हे आजच्या कोणत्याही संचाला लागू आहे, म्हणून थोडे थांबून पाहू. संचात एन्क्रिप्शन दोन प्रकारे ठेवता येते. पहिल्यात ते वापरणाऱ्याच्या बटणावर असते, दुसऱ्यात चॅनेलला कायमचे बांधलेले. बटणावर ठेवले तर एकाचे बटण बंद राहते आणि तो उघड्यावर बोलू लागतो. बाकीच्यांचे संच उघडे आणि झाकलेले असे दोन्ही बोलणे सारख्याच आवाजात ऐकवतात. कोणालाच काही कळत नाही आणि अख्खी पाळी तशी जाते. बांधून ठेवले तर हा घोटाळा होत नाही, मात्र किल्ली नसलेला संच त्या चॅनेलवर मुका होतो. आमचे मत स्पष्ट आहे : ज्या चॅनेलवर नाजूक बोलणे होते ते बांधलेलेच असावे आणि एन्क्रिप्शनचे बटण त्या संचांतून काढून टाकावे. त्याच्या जोडीला एक उघडे चॅनेल प्रत्येक संचात, शक्यतो गोल खटक्याच्या शेवटच्या जागेवर, ठेवावे. अंधारात किंवा हातमोजे घालून खटका टोकापर्यंत फिरवला की माणूस त्या चॅनेलवर पोचला पाहिजे. जिवावर बेतले असताना कोणीही किल्लीअभावी एकटा पडता कामा नये. उघड्या बोलण्याच्या सुरुवातीला वेगळा सूर वाजवण्याची सोय संचात असेल तर ती चालू करा. डोळ्यांपेक्षा कान इथे जास्त कामाचा.

किल्ली कोणी निवडली हेही विचारा. प्रोग्रॅमिंग विक्रेत्याने करून दिले असेल तर किल्ली त्याच्या संगणकावर आहे, आणि तीच त्याने इतर ग्राहकांच्या संचांतही भरलेली असू शकते. १२३४५६ ची उजळणी, संस्थेच्या स्थापनेची तारीख, दूरध्वनी क्रमांक यांपैकी काहीही नको. इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावर ओपनएसएसएल या फुकट मिळणाऱ्या प्रणालीच्या ‘रँड’ आज्ञेने ३२ बाइट हेक्स (१६ च्या पद्धतीच्या) स्वरूपात मागवा. ६४ आकडे-अक्षरांची किल्ली लगेच मिळते. ती मोबाइलवरच्या संदेशातून किंवा ईमेलने पाठवू नका. संचाच्या सगळ्या सेटिंगची जी फाइल असते, जिला कोडप्लग म्हणतात, तिच्यातही अनेकदा किल्ल्या साठवलेल्या असतात. ती फाइल दुरुस्तीसाठी बाहेर गेली की किल्लीही गेली असे समजा. कोडप्लग वाचण्यावर पासवर्ड लावा आणि दुरुस्तीला संच पाठवण्याआधी किल्ल्या पुसून टाका.

किल्ली बदलायची वेळ येते तेव्हा सगळे संच एका जागी जमवून एकदम बदलण्याचा बेत आखला जातो. दोन संच रजेवरच्या माणसांकडे राहतात आणि कामावर परतल्यावर ते मुके निघतात. याला सरळ मार्ग आहे. बहुतेक चांगल्या संचांत अनेक किल्ल्या क्रमांकासह ठेवता येतात, आणि येणारे बोलणे कोणत्या क्रमांकाच्या किल्लीने झाकले आहे ते संच स्वतः ओळखतो. आधी नवी किल्ली पुढच्या क्रमांकावर सर्व संचांत भरायची, बोलणे मात्र जुन्याच किल्लीने चालू ठेवायचे. शेवटचा संच भरून झाल्याची नोंद झाली की बोलण्यासाठी नवी किल्ली निवडायची. ही निवडही संचागणिक हळूहळू करता येते, कारण ऐकण्यासाठी दोन्ही किल्ल्या सगळ्यांकडे आहेत. सगळे नव्यावर आले की जुनी पुसायची. एका पाळीचेही बोलणे तुटत नाही. संच हरवला तर मात्र थांबायचे नाही. दूरवरून संच बंद पाडण्याची आज्ञा असते, पण ती पोचायला तो संच चालू, त्याच चॅनेलवर आणि टप्प्यात असावा लागतो. आज्ञा पाठवा, पण भरवसा किल्ली बदलण्यावर ठेवा.

एन्क्रिप्शनने काय झाकले जात नाही तेही सांगितले पाहिजे. कोणत्या क्रमांकाचा संच, कोणत्या टॉकग्रुपवर, किती वेळ बोलला, किल्लीचा क्रमांक कोणता, हे सहसा उघडेच राहते. मध्यरात्री अचानक एका टॉकग्रुपवर दहा संच बोलू लागले हे शब्द न कळताही कळते. दोन-तीन दिशादर्शक अँटेना असले तर बोलणारा कुठे आहे तेही काढता येते. काही संच आवाज झाकतात, पण जीपीएसची जागा किंवा लेखी संदेश उघडेच पाठवतात. त्याचे सेटिंग वेगळे असते आणि ते बहुधा बंद असते. शिवाय झाकलेले बोलणे म्हणजे खात्रीच्या माणसाचे बोलणे असेही नाही, संचाचा क्रमांक नक्कल करता येतो. आणि चॅनेल मुद्दाम जाम करणाऱ्याला एन्क्रिप्शन अडवत नाही. त्या २०११ च्या अभ्यासात हेही दाखवले होते की प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीचा ओळख देणारा छोटा भाग बिघडवला तरी पुढचे सगळे वाया जाते.

आता भरवशाकडे. ‘एन्क्रिप्शन लावले की टप्पा कमी होतो’ असे बरेच वापरणारे सांगतात. जुन्या काही पद्धतींत ते खरे होते. आजच्या डीएमआर आणि पी२५ मध्ये किल्लीपासून बिटांचा एक प्रवाह तयार होतो आणि तो आवाजाच्या बिटांत मिसळतो. वाटेत एक बिट चुकला तर उलगडल्यावरही एकच बिट चुकतो, चूक पसरत नाही. त्यामुळे टप्पा तेवढाच राहतो. तरीही तक्रार खोटी नसते, तिचे कारण सुरुवातीत आहे. उलगडायला किल्लीशिवाय त्या बोलण्यापुरता एक आरंभीचा आकडाही लागतो, तो बोलण्याच्या अगदी सुरुवातीला येतो. तेवढा तुकडा हुकला तर संच पुढच्या संधीची वाट पाहतो. डीएमआरमध्ये आवाजाचे सहा तुकडे मिळून ३६० मिलिसेकंदांचा एक गट होतो आणि हुकलेली माहिती गटागटाने पुन्हा गोळा करावी लागते. सिग्नल कमजोर असेल तर पहिले एक-दोन शब्द सहज जातात. ‘आत जाऊ नका’ मधला पहिला आणि मधला भाग गेला तर काय उरते, याचा विचार करा.

म्हणून बटण दाबायचे, परवानगीचा सूर ऐकायचा, मग बोलायचे. सूर नसेल तर पूर्ण एक सेकंद थांबायचे. सुरुवातीला महत्त्वाचा शब्द ठेवायचाच नाही. आधी ज्याला हाक मारायची त्याचे नाव दोनदा. स्कॅन, म्हणजे संचाने अनेक चॅनेल आळीपाळीने ऐकत राहणे, चालू असेल तर हा त्रास दुपटीने वाढतो, कारण दहा चॅनेल फिरून येणारा संच बोलणे सुरू झाल्यावरच पोचतो आणि मग त्याला किल्लीचीही जुळणी करावी लागते. एन्क्रिप्शन असलेले चॅनेल स्कॅनच्या यादीत ठेवायचेच असेल तर यादी तीन-चार चॅनेलांपुरती ठेवा.

डिजिटल संचाचा खरा धोका वेगळा आहे. अ‍ॅनालॉगमध्ये दूर जाताना खरखर वाढत जाते, माणसाला कळते की आता टप्पा संपतोय, तो दोन पावले मागे येतो. डिजिटलमध्ये चुका दुरुस्त होत राहतात, आवाज स्वच्छ राहतो, आणि साधारण शंभरात पाच बिट चुकू लागले की आवाज यंत्रासारखा फुटतो आणि लगेच पुढे पूर्ण शांतता. सूचना मिळत नाही. म्हणून टप्प्याची चाचणी ‘हॅलो हॅलो, ऐकू येतंय का’ अशी करू नका. ओळखीचा शब्द मेंदू अर्धवट ऐकूनही पूर्ण करतो. एकाने क्रम नसलेले दोन अंकी आकडे वाचावेत, दुसऱ्याने लिहून घ्यावेत आणि नंतर ताडून पाहावेत. संच प्रत्यक्ष कामात जसा असतो तसाच, म्हणजे कमरेला, ठेवून ही चाचणी करा. शरीर सिग्नलचा मोठा हिस्सा खाते. चाचणी दोन्ही बाजूंनी घ्या : रिपीटर, म्हणजे संचांचे बोलणे घेऊन पुढे पाठवणारे केंद्र, उंचावरून जास्त शक्तीने बोलतो, त्यामुळे त्याचा आवाज येतो, आणि तुमचा मात्र त्याच्यापर्यंत पोचत नाही. जिना, लिफ्ट, तळघर, यंत्रांच्या मागची जागा यांचा नकाशा करून आवाज कुठे फुटतो ते लिहून संबंधितांना द्या.

एक दोष असा आहे की तो सहजी कोणाच्या लक्षात येत नाही. संचातली वारंवारता ठरवणारा स्फटिक वय आणि तापमानानुसार सरकतो. डीएमआरमध्ये बिट वाहून नेणारी चार चिन्हे चॅनेलच्या मध्यापासून ६४८ आणि १,९४४ हर्ट्झवर, वर आणि खाली, बसलेली असतात. शेजारच्या दोन चिन्हांमधली सीमा त्या प्रत्येकापासून ६४८ हर्ट्झवरच येते. आता ४५० मेगाहर्ट्झवरचा संच दहा लाखांत दीड भाग सरकला तर ६७५ हर्ट्झची चूक झाली. म्हणजे चिन्ह सीमेच्या पलीकडे गेले. घेणारा संच यातला काही भाग स्वतः सावरून घेतो, म्हणून जवळून सगळे ठीक चालते, आणि टप्प्याच्या कडेला तोच संच सर्वांत आधी फुटतो. वापरणारा अँटेना बदलतो, बॅटरी बदलतो, फरक पडत नाही. एकाच जागेवरून इतर संच चालतात आणि नेमका एकच फुटतो, असे दिसले तर तो सर्व्हिस मॉनिटर या तपासणीच्या यंत्रावर लावून वारंवारता आणि बिटांची चूक मोजून घ्या. वर्षातून एकदा ही तपासणी सगळ्याच संचांची करावी.

गोंगाटाचाही वेगळा हिशेब आहे. डीएमआरचा व्होकोडर आवाजासाठी सेकंदाला फक्त २,४५० बिट वापरतो, त्यावर चुका सुधारणारे १,१५० बिट धरून ३,६००. एवढ्या थोड्या बिटांत आवाज बसवायचा म्हणून तो माणसाच्या बोलण्याची रचना गृहीत धरतो. करवत, पंप, भोंगा त्या रचनेत बसत नाहीत, आणि मिसळले की बोलणेही चिरडले जाते. २००८ मध्ये अमेरिकी सरकारच्या बोल्डर येथील दूरसंचार प्रयोगशाळेने आगीच्या जागेवरच्या गोंगाटात अ‍ॅनालॉग आणि डिजिटल संचांची तुलना केली. त्या वेळच्या डिजिटल संचांचे शब्द काही गोंगाटांत अ‍ॅनालॉगपेक्षा कमी कळत होते. व्होकोडर तेव्हापासून सुधारले आहेत, पण मर्यादा गेलेली नाही. माइक तोंडापासून पाच सेंटिमीटरवर, थोडा तिरका. ओरडायचे नाही, ओरडल्याने आवाज कापला जातो. यंत्राकडे पाठ करून बोलायचे. अग्निशमन दलाने आत शिरलेल्या तुकडीसाठी रिपीटरशिवायचे उघडे, गरज पडल्यास अ‍ॅनालॉग चॅनेल राखून ठेवले तर त्यांना मागासलेले म्हणू नये. तिथे गुप्ततेपेक्षा ऐकू येणे मोलाचे आहे.

बाकी रोजच्या बिघाडांबद्दल थोडक्यात. संच दिवसभर नीट ऐकवतो आणि बटण दाबताच बंद पडून पुन्हा सुरू होतो, तर बॅटरी म्हातारी झाली आहे. ऐकताना लागणारा थोडा प्रवाह ती देते, बोलताना लागणारा देऊ शकत नाही. बॅटरीचे पट्टीसारखे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा, सँडपेपर नको. व्हीएचएफ आणि यूएचएफ या वेगळ्या वारंवारता-पट्ट्यांचे अँटेना दिसायला सारखे असतात आणि चार्जिंगच्या टेबलावर अदलाबदल होतात. बुंध्याची रंगीत कडी पाहा. संचावर लिहिलेले आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही बाजूच्या जोडणीचे झाकण स्क्रूने घट्ट असेल तरच. खांद्यावरच्या माइकची वायर आतून तुटते आणि बटण दाबलेलेच राहते, अख्खे चॅनेल अडते. म्हणून सलग बोलण्याची मर्यादा ६० सेकंदांवर लावून ठेवा. सिमकार्डवर चालणारे वॉकीटॉकीसारखे संच या पत्राच्या कक्षेत नाहीत, पण एवढे ध्यानात असावे की मोबाइलचे जाळे पडले की ते पडले, आणि त्यांचे बोलणे सहसा सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवर उलगडता येते. बचावकार्यात हौशी रेडिओवाले मदतीला येतात; हौशी रेडिओच्या नियमांनुसार त्यांना सहसा आपले बोलणे कूटबद्ध करता येत नाही, त्यांच्याकडून तशी अपेक्षाही करू नये.

नवे संच ताब्यात घेताना अर्धा दिवस खर्च करून ही तपासणी करा. चार संच घ्या. दोघांत योग्य किल्ली, तिसऱ्यात चुकीची, चौथ्यात एन्क्रिप्शनच नाही. पहिला बोलला की दुसऱ्यावर स्वच्छ ऐकू आले पाहिजे, उरलेल्या दोघांवर एकही शब्द कळता कामा नये. मग चौथ्यावरून बोला आणि बांधलेल्या चॅनेलवरचे पहिले दोघे त्याला काय करतात ते पाहा : ऐकवत असतील तर तो उघडा बोलतो आहे हे त्यांना कसे कळते? पहिल्याची बॅटरी काढून तासभर बाजूला ठेवा आणि पुन्हा लावून बोला. काही संच बॅटरीशिवाय किल्ली फार थोडा वेळच धरून ठेवतात. संच हरवल्यास ते चांगलेच, पण रात्री दोनला बॅटरी बदलणाऱ्या माणसाला ते आधी ठाऊक हवे आणि किल्ली पुन्हा भरणारा कोण तेही ठरलेले हवे. रिपीटर बंद करून थेट संच-ते-संच चॅनेलवर झाकलेले बोलणे चालते का तेही पाहा. तिथे किल्ली भरायची राहून गेलेली असण्याची शक्यता मोठी. फर्मवेअर (संचाच्या आतली प्रणाली) अद्ययावत केल्यावर हीच तपासणी दोन संचांवर आधी करा आणि मगच बाकीच्यांवर ते चढवा, कारण अद्ययावत करताना किल्ल्या पुसल्या जाऊ शकतात.

आपला,
वायरलेस संचांच्या दुरुस्ती व प्रोग्रॅमिंगच्या कामातील एक वाचक